सात वर्षांची शिल्लक

केळीचा घड उतरवला की कोकणातला माणूस त्याच कोयत्याने खुंटही आडवा करतो. त्याला त्यात काही वाटत नाही. त्या खुंटाला पुन्हा घड येणार नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि बुडाशी मुनवे आधीच वर आलेले असतात. त्यांतला एक जोमदार ठेवायचा, बाकीचे काढून दुसरीकडे लावायचे, की झालं. ‘ही केळ आजोबांनी लावलेली’ असं कोणी सांगितलं तर ते खरंही असतं आणि खोटंही. आजोबांनी लावलेला खुंट कधीच मातीत गेला. आज उभी आहे ती त्याची कितवी तरी पिढी.

ही समज मनाशी ठेवूनच हिमालयातल्या एका लिलीकडे पाहायला हवं. तिला मराठीत नाव नाही, कारण ती आपल्याकडे उगवत नाही. मी सोयीसाठी तिला महालिली म्हणतो. शास्त्रीय नाव कार्डिओक्रायनम जायगँटियम. ग्रीकमध्ये कार्डिया म्हणजे हृदय आणि क्रिनॉन म्हणजे लिली. पानांचा आकार हृदयासारखा, म्हणून हे नाव. आपल्याकडे बागेत क्रायनम लावतात, त्याच्या नावातही हाच क्रिनॉन आहे. जायगँटियमचा अर्थ सांगायची गरज पडू नये. मनगटाएवढा जाड, गुळगुळीत, पोकळ दांडा जमिनीतून निघतो आणि दोनेक महिन्यांत माणसाच्या डोक्यावरून पुढे जातो. उंची दोन-तीन मीटर सहज, मनासारखी जागा मिळाली तर साडेतीनच्या आसपास. टोकाला वीसपर्यंत फुलं येतात. प्रत्येक फूल वीतभर लांब, कर्ण्यासारखं, पांढरंशुभ्र, तोंड खाली झुकवलेलं, आणि घशात तांबूस-जांभळ्या रेघा. संध्याकाळ झाली की वास असा सुटतो की झाड दिसायच्या आधी कळतं.

हा सोहळा दोनेक आठवड्यांचा. त्यानंतर शेंगा धरतात, पानं पिवळी पडतात आणि ज्या कांद्यातून हे सगळं निघालं तो कांदा संपतो. पुन्हा फुटण्यासाठी तो विश्रांती घेत नसतो, मेलेलाच असतो.

थंड देशांतल्या बागवानांचं मन डॅफोडिलवर घडलेलं असतं. डॅफोडिलचा कांदा एकदा पुरला की दर वसंतात न चुकता फूल देतो. तीच अपेक्षा धरून कोणी महालिलीचा भलामोठा कांदा महागात विकत आणतो. तो फुलतो, शेजारीपाजारी बघायला येतात. पुढच्या वसंतात त्या जागी माती उकरली की कुजकी साल तेवढी हाताला लागते. मग ‘आपलं काय चुकलं?’ पाणी जास्त झालं का, खत कमी पडलं का? चुकलेलं काहीच नसतं. त्या माणसाला घड मिळाला होता, आणि तो खुंटाकडे बघत बसला होता. बाजूची माती आणखी चार बोटं उकरली असती तर मुनवे सापडले असते.

आपल्याला अशा एकदाच फुलणाऱ्या झाडांची ओळख नवी नाही. बांधावरची घायपात वर्षानुवर्षं काटेरी पानं पसरून बसते आणि एके साली बांबूएवढा दांडा काढून मरते. कोकणातला भेर्ली माड शेंड्याकडून खाली खाली फुलत येतो आणि शेवटचा तुरा झाला की वाळतो. सह्याद्रीतली कारवी तर सगळ्यांना माहीत आहे: सात वर्षं नुसती पानं, आठव्या पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर जांभळे, आणि मग सगळा जथा एकदम खलास. पण कारवीत आणि महालिलीत एक मोठा फरक आहे. कारवी वर्षं मोजते. एका डोंगरावरची कारवी एकाच वेळी फुलते, मग एखादं झुडूप लुकडं असो की जाडजूड. महालिलीच्या कांद्याला वयाशी देणंघेणं नाही. तो साठा मोजतो. पुरेसं पीठ साठलं की फुलतो, नाही साठलं तर थांबतो. चांगल्या जमिनीत तो चार वर्षांत तयार होईल, वाईट जमिनीत दहा वर्षं नुसती पानं देत राहील. ही एक गोष्ट नीट कळली की तिच्या लागवडीतलं बाकी सगळं आपोआप कळत जातं, असं माझं मत झालं आहे.

हा साठा करायची जागा कोणती? घनदाट, ओल्या जंगलाचा तळ. हिमालयात साधारण दीड ते साडेतीन हजार मीटरच्या पट्ट्यात, ओक आणि बुरांसाच्या झाडांखाली, जिथे शतकानुशतकांचा पाला कुजून काळी भुसभुशीत माती झाली आहे, तिथे ती राहते. तिथवर ऊन पोचतं ते चाळणीतून गाळून आल्यासारखं. अशा ठिकाणी पीठ साठवायचं तर पान मोठं हवं, आणि महालिलीचं पान सुपाएवढं असतं. 40-45 सेंटीमीटर लांब आणि जवळजवळ तेवढंच रुंद, चकचकीत हिरवं. त्या पानाच्या शिरा बोटाने चाचपून पाहाव्यात. लिली ही ज्वारी, बांबू, केळीसारखी एकदल वनस्पती. एकदलांच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात, असं आपण शाळेत शिकलो. महालिलीच्या पानात मात्र पिंपळाच्या पानासारखं जाळं आहे. शाळेतलं पुस्तक खोटं नव्हतं, अर्धवट होतं. अळू एकदल आहे, करांदाही एकदल आहे, आणि दोन्हींच्या पानांत जाळं आहे. सावलीला वस्ती करणाऱ्या एकदलांमध्ये रुंद पान आणि जाळीदार शिरा ही जोडी वेगवेगळ्या कुळांत पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे आलेली दिसते. रुंद, पातळ पान उघडं ठेवायचं तर त्याला आतून आधार आणि चहूकडून पाणी लागतं, आणि समांतर शिरांपेक्षा जाळं ते काम बरं करतं.

इतक्या उंच दांड्याचं कारणही सावलीतच आहे. तिचं बी कागदासारखं पातळ, चपटं, कडेला पारदर्शक झालर असलेलं, म्हणजे वाऱ्यावर उडून जाणारं. पण जंगलाच्या तळाशी वारा कुठला? म्हणून ते बी डोक्याच्या वर नेऊन ठेवावं लागतं. फूल खाली तोंड करून असतं, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून. फलधारणा झाली की तीच मान हळूहळू वर वळते आणि शेंग आकाशाकडे तोंड करून उभी राहते. पिकली की तिच्या तीन फाका उकलतात. पण फाकांच्या कडांना दात असतात आणि ते एकमेकांत गुंतून जाळी धरतात. त्यामुळे बी भसकन सांडत नाही. मिठाची डबी हलवावी तसं वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर थोडं थोडं बाहेर पडतं, तेही झोत चांगला असेल तेव्हाच. कांद्याने सात वर्षं जे साठवलं त्यातला मोठा वाटा फुलांत गेला असं आपल्याला वाटतं. खरं तर हा मनोरा उभारण्यातही त्यातलं पुष्कळ गेलेलं असतं. त्यातल्या त्यात काटकसर म्हणून दांडा आतून पोकळ.

या वनस्पतीची शास्त्रात नोंद केली ती नाथॅनिएल वॉलिक यांनी. कोपनहेगनचा हा डॉक्टर डेन्मार्कच्या वसाहतीत नोकरीला म्हणून श्रीरामपूरला आला. आपलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, हुगळीकाठचं. इंग्रजांनी 1808 मध्ये ती वसाहत ताब्यात घेतली तेव्हा तो कैदी झाला, आणि पुढे त्याच इंग्रजांनी त्याला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख केला. 1820-21 मध्ये तो नेपाळात वर्षभर राहिला. काठमांडूजवळच्या शिवपुरीच्या ओलसर सावलीत त्याला ही लिली दिसली. 1824 मध्ये त्याने नेपाळच्या वनस्पतींवरच्या आपल्या सचित्र ग्रंथात तिला ‘लिलियम जायगँटियम’ या नावाने प्रसिद्ध केलं. कलकत्ता उद्यानाच्या ज्या हिंदी चित्रकारांनी त्याच्यासाठी वनस्पती चितारल्या त्यांत विष्णुप्रसाद आणि गोराचंद ही दोन नावं आज सापडतात. त्यांच्या कुंचल्याचं काम पाहिलं की अशा ग्रंथांवर एकट्या साहेबाचंच नाव का, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न वेगळ्या प्रकरणाचा.

चित्र छापून आलं 1824 मध्ये, पण ब्रिटनमध्ये कोणाला हे फूल जिवंत पाहायला मिळालं ते 1852 च्या जुलैत, एडिंबरामधल्या एका रोपवाटिकेत. मधे 28 वर्षं गेली. सैन्यातल्या आणि कंपनी सरकारातल्या हौशी मंडळींनी हिमालयातलं काय काय बोटीत घालून तोवर नेलं होतं. मग हिलाच उशीर का? तिच्या बियांचा स्वभाव पुढे येतोच आहे, तो वाचल्यावर याचं नवल वाटणार नाही. अखेर बी पोचवलं ते बंगाल तोफखान्यातल्या एडवर्ड मॅडन या आयरिश अधिकाऱ्याने. सिमला आणि अल्मोड्याकडे असताना तो सतत झाडं धुंडाळत असे आणि डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिन उद्यानाला बी पाठवत असे. त्याने या लिलीच्या मुक्कामाबद्दल जे लिहून ठेवलं त्याचा मथितार्थ असा: कुमाऊँ-गढवालच्या दाट ओल्या जंगलात, साडेसात ते नऊ हजार फुटांवर, काळ्या कसदार मातीत ती वाढते, कांदा अगदी वरवर, जमिनीलगत असतो, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तो बर्फाखाली असतो.

मला विचाराल तर लागवडीची सगळी पुस्तकं या तीन ओळींपुढे फिकी आहेत. काळी कसदार माती, वरवर बसलेला कांदा, कोरडा थंड हिवाळा. यातला कांद्याचा मुद्दा तर बागवान हमखास चुकवतात. बहुतेक लिलींचे कांदे खोल पुरायचे असतात, महालिलीचा नाही. तिच्या कांद्याचं नाक मातीच्या पातळीला, किंवा किंचित वर असायला हवं. खोल गाडला तर सडतो. भुसभुशीत पालापाचोळ्याचं पांघरूण वरून घालावं, पण माती थापू नये.

तिच्या वेळापत्रकाकडेही जरा पाहू. हिमालयात तिची वाढ आणि फुलोरा भर पावसात होतो आणि झोप कोरड्या, गोठलेल्या जमिनीत. म्हणजे ती पक्की मोसमी पावसाची प्रजा आहे. ब्रिटनमध्ये तिला नेमकं उलटं मिळतं: हिवाळा चिकचिकीत ओला आणि उन्हाळा कधी कधी कोरडा. म्हणून स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, आयर्लंड, कॉर्नवॉल अशा, उन्हाळ्यातही पाऊस पडणाऱ्या भागांतल्या रानबागांत ती स्वतःहून पसरते आणि लंडनच्या आसपासच्या बागवानाला तिच्यासाठी झटावं लागतं. प्रसिद्ध उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांची मन्स्टेड वुडची बाग सरे परगण्यात, रेताड जमिनीवर होती. त्यांनी या लिलीसाठी मोठाले खड्डे खणून ते बागेतल्या काडीकचऱ्याने भरून काढले आणि कुजू दिले. हिमालयातल्या ओकच्या झाडांनी शंभर वर्षांत केलेलं काम खड्ड्यात उरकायचं, असा तो प्रकार.

खड्डा किती? निदान दोन फूट खोल, आणि रुंदी जमेल तेवढी. तळाला चांगलं कुजलेलं शेणखत, वर पानांचं खत आणि माती. पाण्याचा निचरा हवा, पण माती सुकता कामा नये. जागा झाडाखालची, सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम, दुपारचं नको. दोन कांद्यांमध्ये तीनेक फूट अंतर, नाहीतर त्या सुपांची एकमेकांत धक्काबुक्की होते.

कांदे विकत घेताना लोक मोठ्यात मोठा निवडतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! फुलायच्या बेतात आलेला मोठा कांदा उपटताना त्याची मुळं तुटतात, आणि नव्या जागेत एक-दोन वर्षं तो रुसून बसतो. कधी अर्ध्या उंचीचा दांडा काढून, चार फुलं देऊन संपतो. त्याने खात्यात जमा केलेलं सगळं खर्च झालं, आणि हाती आलं ते निम्मं. लहान आणि मध्यम कांदे निमूट रुळतात. जाणकार बागवान तर मुद्दाम तीन आकारांचे कांदे एकाच वाफ्यात लावतात: एखादा यंदा किंवा पुढल्या वर्षी फुलेल असा, एखादा तीन वर्षांनी, एखादा त्याहून लहान. मग त्या वाफ्यात जवळजवळ दर वर्षी कोणी ना कोणी फुलतं आणि जो मरतो त्याची जागा भरायला दुसरा तयार असतो. केळीच्या बागेत खुंट, मुनवा आणि अगदी कोवळा कोंब एकाच वेळी उभे असतात, तेच हे.

कांदा यंदा फुलणार की नाही हे वसंतातच कळतं. नुसत्या पानांचा जमिनीलगत घेर धरला तर यंदा नाही. पानांच्या मधून जाड, टोकदार कोंभ वर सरकू लागला तर समजावं की तो खर्चाला निघाला. हाच काळ धोक्याचा. कोवळ्या पानांवर उशिरा आलेला बर्फाळ गारठा पडला तर ती काळी पडतात, म्हणून अशा रात्री वरून पाचोळा किंवा कापड घालतात. दुसरा शत्रू गोगलगाय. शंखाची असो की बिनशंखाची. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण करणाऱ्याने तिला मऊ पानांवर रात्रभर काम करताना पाहिलेलंच असणार. लातूर-बीडकडच्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्यालाही तिच्याविषयी वेगळं सांगायला नको. महालिलीच्या पानाला पडलेलं भोक पान मोठं होईल तसं मोठं होत जातं आणि वर्षभर तसंच राहतं. नुसतं दिसायला वाईट असतं तर चाललं असतं; पण पान हीच कमाई, त्यामुळे तेवढी शिल्लक कमी पडते. रात्री बॅटरी घेऊन वेचून काढणं हा कंटाळवाणा उपाय मला अजूनही सर्वांत खात्रीचा वाटतो.

फुलून गेल्यावर शरदात दांड्याचं बूड उकरायचं. मेलेल्या कांद्याला बिलगून तीन-चार, कधी जास्त बाळकांदे असतात. ते तिथेच ठेवले तर एकमेकांना दाटी करतात आणि मातीही आईने उपसून नेलेली असते. म्हणून ते सोडवून नव्या खतमातीत लावावेत. त्यांना फुलायला तीन ते पाच वर्षं. हे बाळकांदे म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत. तिच्या उंचीत, रंगात काही नवं यायचं नाही. नवं हवं असेल तर बियांकडे जायला हवं.

आता बियांकडे वळू, कारण संयमाची खरी परीक्षा तिथे आहे. एका शेंगेत शेकडो बिया असतात, म्हणजे बियांचा तुटवडा नाही. शरदात ताजं बी कुंडीत पेरलं, वर बारीक खडीचा पातळ थर दिला, कुंडी सावलीत ठेवली. हिवाळा गेला, वसंत आला. काही नाही. उन्हाळा गेला. काही नाही. इथे बहुतेक माणसं कुंडी उपडी करतात. बी मेलेलं नसतं. झाडावरून पडतं तेव्हा त्याच्या आतला गर्भ अगदी चिमुकला, अपुरा असतो. त्याला आधी आतल्या आत वाढायचं असतं. पहिल्या हिवाळ्यात त्याची फारशी प्रगती होत नाही. उन्हाळ्याची ऊब लागते, मग शरदातला मध्यम गारवा लागतो, त्या गारव्यात गर्भ लांबतो, आणि त्यानंतर दुसरा कडक हिवाळा अंगावरून गेला की मग वसंतात कोंब. पेरणीपासून हिशेब केला तर दीड वर्ष. ऊब, गारवा, थंडी या क्रमात गडबड झाली तर आणखी एक फेरा. मॅडनच्या आधी ब्रिटनमध्ये कोणाला बी मिळालं असेलच तर ती कुंडी किती लवकर उकिरड्यावर गेली असेल, याची कल्पना करावी.

बर्फाळ हिवाळा ज्यांच्या दारात आपसूक येतो त्यांनी कुंडी बाहेर ठेवून विसरून जाणं चांगलं. घाई असेल तर बी दमट वाळूच्या पिशवीत घालून दोनेक महिने घरातल्या उबेत, मग तीनेक महिने थंड पडवीत आणि शेवटी फ्रिजमध्ये, असा कृत्रिम ऋतू घडवता येतो. त्याने काही महिने वाचतात. त्यापलीकडे वाचत नाहीत, कारण रोप उगवलं की पहिल्या वर्षी बहुधा एकच चिमुकलं पान. त्या पानाच्या कमाईवर वाटाण्याएवढा कांदा. दुसऱ्या वर्षी हृदयाच्या आकाराचं खरं पान, मग थोडं मोठं. बियांपासून फुलापर्यंत सातेक वर्षं धरून चालावं. पण बियांच्या रोपांचा एक फायदा आहे: ती जिथे वाढतात तिथली होऊन जातात, आणि दर दोन-तीन वर्षांनी थोडं थोडं पेरत राहिलं की एकदा पहिलं फूल आल्यावर वाफा सहसा रिकामा राहत नाही.

या लिलीची एक सख्खी बहीण जपानात राहते, कार्डिओक्रायनम कॉर्डेटम. ती बुटकी, फुलं हिरवट पांढरी. जपानी लोक तिला ‘उबायुरी’ म्हणतात, म्हणजे म्हातारीची लिली. जपानीत पानालाही ‘हा’ आणि दातालाही ‘हा’. फुलायच्या वेळी बहुधा हिची पानं गळलेली असतात, म्हणजे हिला ‘हा’ राहिलेले नसतात. बोळकं झालेल्या म्हातारीसारखी! शब्दावरची ही कोटी आपल्याकडच्या कीर्तनकारालाही आवडली असती.

पण होक्काइडोच्या आइनू लोकांना ही म्हातारी फुलांसाठी नको होती. त्यांच्या भाषेत ती ‘तुरेप’, आणि तिचा कांदा हे त्यांचं अन्न. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कांदे खणायचे, पाकळ्या सुट्या करून कुटायच्या, पाण्यात धुऊन खाली बसलेलं सत्त्व सुकवायचं. आपल्याकडे गव्हाचा चीक काढतात, अगदी तसं. उरलेला चोथाही टाकायचा नाही. तो आंबवून, त्याच्या चकत्या थापून, मधे भोक पाडून दोरीत ओवून टांगायचा, हिवाळ्यासाठी. आणि खणताना ते एक पथ्य पाळत: दांडा काढलेल्या झाडाला हात लावायचा नाही. ते नर, असं ते मानत; फक्त पानांचं तेवढं मादी. वनस्पतिशास्त्रात हे नर-मादी टिकणार नाही, पण हिशेब पक्का आहे. दांडा काढलेल्या कांद्यात पीठ राहिलेलंच नसतं, ते सगळं वर गेलेलं असतं. शिवाय त्याला सोडलं की बी पडतं. महालिलीच्या शिलकेचा विचार करताना मला युरोपातल्या बागवानांपेक्षा या आइनू बायकांचा अधिकार मोठा वाटतो. त्यांनी ती शिल्लक रांधून खाल्ली होती.

आपल्याकडे लावून पाहावी का? महाबळेश्वरचं नाव लगेच तोंडावर येतं. पाऊस भरपूर, सावली भरपूर, माती चांगली, आणि वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी एखाद्या हिवाळ्यात छापून येते. पण एखाद्या पहाटे दव गोठणं वेगळं आणि पाच महिने बर्फाखाली झोपणं वेगळं. त्यावर मार्च-एप्रिलचं कोरडं ऊन, तेही तिच्या कोवळ्या पानांच्या दिवसांत. मी तरी त्यात पैसे घालणार नाही. तिथे आपल्या हवेचे, पावसाळ्यात पान काढून हिवाळ्यात जमिनीखाली जाणारे कंद पुष्कळ आहेत. मात्र एडिंबरा, डब्लिन किंवा सिएटलला घर केलेल्या मराठी वाचकाच्या मागल्या दारी उंच झाडांची सावली असेल, जिथे गवतही धड येत नाही, तर ती जागा या लिलीसाठीच आहे. त्याला मी एवढंच सांगेन की पहिल्या शरदात लहान कांदे आणि बी, दोन्ही एकदमच लावावं. कांदे फुलून संपतील तोवर रोपांनी अर्धी वाट चाललेली असेल.

आणि दांडा लगेच कापू नये. हिवाळाभर तो वाळून पिवळट होतो, शेंगांच्या फाका बर्फाने भरतात, वाऱ्यावर खुळखुळतात. कांदा खाली कधीच संपलेला असतो. त्याच्या बाळांना हलवायचं असेल तर बूड मोकळं करून दांडा तसाच काठीला बांधून ठेवता येतो. बी उडून गेलं की मग उरतं ते नुसतं पोकळ नळकांडं, हलकं आणि गुळगुळीत. मॅडनने आणखी एक नोंद केली होती: कुमाऊँच्या बाजूला पहाडी लोक हे दांडे कापून त्यांचे पावे करतात.